सोनामुखीची पुडी

मारेगाव
९ जानेवारी २०२४

प्रिय प्रेरणा,
सप्रेम जयभीम.

दिवाळीतल्या तुया पत्राचं उत्तर राह्यलं आहे, ते राहू दे. आज मी एक गोष्ट विचाराले लिहून राह्यली. फोनवर मले निसती खरखर ऐकू येते, अन् हे बोलणं शेजारच्या रुपालीच्या हातून मेसेजात लिहून घ्याचं नाही. म्हून पत्र.

बिजलीबाई तुले आठवत असन. तांड्यावरच्या अंगणवाडीत मी सेविका होती तवा ती मदतनीस. एकवीस वर्सं आमी एका चुलीवर लेकराईची खिचडी शिजवली. तिले आतड्याचा कॅन्सर निघाला. पोट फुगून ढोल झालं, ओकाऱ्या लागल्या, तवा यवतमाळले नेलं. तिथं कळलं.

परवा दुपारी तिचा पोरगा शाम आला. ट्रक चालवते तो. माया ओट्यावर चार बाया बसल्या होत्या. त्यानं खिशातून मायी सोनामुखीची पुडी काढली, मी कागदात बांधून देते तशीच, अन् त्याईच्या समोर माया पायाजवळ टाकली.

"घ्या तुमची दवाई, मावशी. वीस वर्सं माया याडीले हेच चारलं तुमी. डॉक्टरनं विचारलं, झाडपाल्याचं काही घेते काय? म्या सांगतलं, इंदूमावशी देते. त्यानं निसती मान हालवली."

"मान हालवली म्हंजे काय, शाम?"

"म्हंजे काय, ते तुमाले समजत नाही काय?"

अन् गेला. चारही बाया उठल्या. एकीनं तर चहाबी पूर्ण पेला नाही.

हे मी कायले सुरू केलं ते तुले माहीत आहे. तांड्यावर संडास नव्हते. बाया पहाटे जात अन् मंग अंधार पडेलोक रोखून धरत. जा लागू नये म्हून पाणीच कमी पेत. पोट दगड होऊन जाय. माया सासूनं शिकवलं होतं: सोनामुखीची पानं, बाळहिरडा, सुंठ, काळं मीठ. झोपताना अर्धा चमचा, कोमट पाण्यासंगं. बाया दुवा देत होत्या मले. मी सोता घेते तेच त्याईले देलं. मी कोणाले जहर देलं काय?

तू फार्मसी कॉलेजात शिकवतं. सोनामुखीनं आतड्याचा कॅन्सर होते का नाही होत, एवढं लिही. गोल गोल लिहू नको. त्या दिवसापासून घास उतरत नाही गळ्याखाली.

तुयी
इंदूमावशी


अमरावती
१७ जानेवारी २०२४

प्रिय मावशी,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आल्यापासून तीन दिवस कॉलेज सुटल्यावर ग्रंथालयात बसते आहे. पोटाच्या विकारांचे एक डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांनाही विचारलं. गोल लिहू नको म्हणालीस, म्हणून सरळ लिहिते.

सोनामुखीवरचा संशय जुना आहे. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर आतून काळपट होतं, ते पाहून डॉक्टर घाबरले होते. सोनामुखीच्या जातकुळीतल्या काही औषधांचे उंदरांवर प्रयोग झाले, त्यांत गाठी दिसल्या. मग हजारो माणसांची माहिती जमवून पाहिली गेली. एखाद्या पाहणीत धोका थोडा जास्त दिसला, बऱ्याच ठिकाणी दिसला नाही. तो काळपटपणा म्हणजे कॅन्सर नव्हे. औषध थांबवलं की काही महिन्यांत तो पुसट होत जातो. सोनामुखीमुळे माणसाला आतड्याचा कॅन्सर होतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. तेव्हा तू बिजलीमावशीला विष दिलंस, असं कुणी म्हणू शकत नाही. जेवत जा.

हे दुसरं पानही नीट वाच. सिद्ध झालेलं नाही म्हणजे वीस वर्षं घ्यायला हरकत नाही, असा अर्थ होत नाही. हे औषध आठवडाभर, फार तर दोन आठवडे घ्यायचं. तरीही पोट साफ होत नसेल, तर का होत नाही ते डॉक्टरांनी बघायचं असतं. रोज जुलाब देऊन पोट हलतं ठेवलं, की आत काही वाढत असलं तरी ते झाकून जातं.

म्हणून विचारते. बिजलीमावशीला आधीपासून काही त्रास होता का? शौचातून रक्त, वजन उतरणं, असं काही? तुला कधी बोलली होती का ती? आणि तू स्वतः अजून घेतेस का? किती?

तुझी
प्रेरणा


मारेगाव
२ फेब्रुवारी २०२४

प्रिय प्रेरणा,
जयभीम.

तुया पत्रानं जीव भांड्यात पडला. बुधवारी बचत गटाच्या बैठकीत रुपालीकडून मोठ्यानं वाचून घेतलं. "सिद्ध झालेलं नाही" हे तिनं दोनदा वाचलं. बाया म्हणे, इंदुताई, आमाले आधीच माहीत होतं. मंग त्याची झेरॉक्स काढून चक्कीवर लावली. दळण घेऊन येणारा हरेक माणूस वाचते. शामनंबी वाचलं म्हणते.

पुन्हा बाया पुडी न्याले येऊन राह्यल्या. शाळेमागची लालीबाई आली, तिच्या नणंदेलेबी पाह्यजे. पानं संपली होती, परवा नवीन आणून कुटली. मायी तब्येत बरी आहे. दोन चमचे घेतले की पोट हलकं राह्यते.

बिजलीले भेटाले गेली नाही अजून. शाम घरी असते, कायले उगाच.

तुया अभ्यासाचं सार्थक झालं बाई. तुयी माय असती तर आज तिनं पेढे वाटले असते.

तुयी
इंदूमावशी


अमरावती
८ फेब्रुवारी २०२४

मावशी,

रुपालीनं मला चक्कीवरच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यावर एकच पान आहे. "जेवत जा" पाशी संपतं. दुसरं पान कुठं आहे?

तिला विचारलं. ती म्हणाली, "ताई, मावशीनं मले एकच पान देलतं वाचाले."

तू माझं अर्धं पत्र भिंतीवर लावलंस. माझं नाव खाली नाही, पण मारेगावात सगळ्यांना माहीत आहे ते कुणाचं आहे ते. उद्या त्या कागदाच्या भरवशावर एखादी बाई दुखणं अंगावर काढेल, आणि तसं मी तर लिहिलेलं नव्हतं. आजच्या आज तो कागद काढ. आणि पुड्या देणं थांबव. आतडं कुठं अडलेलं असताना असा जोराचा जुलाब दिला, तर जिवावर बेतू शकतं.

आता माझे प्रश्न पुन्हा. गोल उत्तर नको मलाही.

तुझा डोस अर्धा चमचा होता, तुझ्याच पत्रात आहे. तो दोन चमचे कधी झाला, आणि का?

बिजलीमावशी तुला कधी काही बोलली होती का?

प्रेरणा


अमरावती
४ मार्च २०२४

प्रिय मावशी,

पंचवीस दिवस झाले, तुझं पत्र नाही. रुपालीला फोन केला. ती म्हणाली, चक्कीवरचा कागद तू काढलास, पण बैठकीला येत नाहीस आणि दुपारीही दार लावलेलं असतं. बिजलीमावशीचं ऑपरेशन झालं आणि शौचासाठी पोटाला पिशवी लावली, हेही तिच्याकडूनच कळलं.

मी रागानं लिहिलं, हे खरं. पण माझ्या रागाला घाबरून गप्प बसणारी तू नव्हेस. आई गेल्यावर दहा वर्षं तुझ्या घरात वाढले आहे मी. तू कशासाठी दार लावतेस ते मला कळतं. काहीतरी आहे. वाईट असेल ते लिही. मी इथंच आहे.

तुझी
प्रेरणा


मारेगाव
१९ मार्च २०२४

प्रिय प्रेरणा,

तीनदा लिहाले बसली अन् तीनदा कागद फाडला. आता एका दमात लिहिते, चुकलं तर वाचून घे.

बिजलीनं मले सांगतलं होतं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. मी तांड्यावर गेली होती. आमी दोघी तिच्या मांडवात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. ती हळूच म्हणे, "बाई, मले खाली रक्त जाते." म्या म्हटलं, मूळव्याध असन. तू तिखट खातं, उन्हात राबतं. आता अर्ध्याचा एक चमचा कर. ती म्हणे, "शाम यवतमाळले चालला, त्याच्यासंगं जाऊन दाखवून येऊ काय?" तर म्या काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, कायले जातं? तिथं डॉक्टर मागून बोट घालते, पोरासमोर मान खाली जाईन तुयी. तिनं पदर तोंडाले लावला अन् हसली. मीबी हसली. ती गेली नाही.

त्याच्यानंतर ती अजून तीनदा बोलली. एकडाव म्हणे, बाई, लुगडं ढिलं होते, मी वाळून राह्यली. दर डावी म्या पुडी मोठी केली.

मी सेविका होती प्रेरणा. लेकराईचं वजन घे, बाईचं रक्त तपासाले पाठव, हेच केलं जिंदगीभर. पण हे पुडीचं मायं होतं. तांड्यावर मले इंदुताई डॉक्टरीण म्हणत. तो मान सोडवत नव्हता माया हातून.

तुया दुसऱ्या पानावरचा प्रश्न वाचला, "तुला कधी बोलली होती का?" अन् ते पान म्या पेटीत टाकलं. रुपालीले मुद्दाम एकच देलं.

आता दुसरं. मलेबी रक्त जाते. दसऱ्यापासून. म्हून अर्ध्याचे दोन चमचे झाले. सकाळी पोट दुखते, मंग रक्त. तुले सांगतलं नाही, कोणालेच नाही.

तू म्हणशीन, तपासून घे. मले भेव मरणाचा नाही. मी तपासलं अन् कॅन्सर निघाला, तर शाम खरा ठरते. सारा तांडा म्हणन, पुडी खाल्ली, दोघीईलेबी झाला. अन् नाही निघाला, तर लोक म्हणन पुडी चांगली, इंदुताई चांगली, अन् बिजलीले म्या थांबवलं हे कधीच कोणाले कळणार नाही. दोन्हीकडून मीच फसते. त्याच्यापेक्षा न पायलेलं बरं.

एवढंच आहे.

इंदूमावशी


अमरावती
२५ मार्च २०२४

प्रिय मावशी,

पत्र वाचलं, उलटं करून टेबलावर ठेवलं आणि वर्गावर गेले. शिकवता आलं नाही. मुलांना सुट्टी दिली आणि परत येऊन वाचलं.

आधी तुझ्या जिवाचं. तुझ्या आतड्यात काय निघतं, यावरून सोनामुखीचा निकाल लागत नाही. एका माणसावरून नाही, दोघींवरूनही नाही. जन्मात सोनामुखी न पाहिलेल्यांनाही हा कॅन्सर होतो, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्या कितीतरी जणांना होत नाही. तपासणी पुडीची नाही, तुझी आहे. शाम खरा की तू खरी, हे आतड्यात घालायची ती दुर्बीण सांगणार नाही. पाच महिने रक्त जातंय, वय पासष्ट, हे एवढं कारण पुरे आहे. आजपासून ते चूर्ण बंद कर. एकही चमचा नाही.

आता बिजलीमावशीचं. तिचा कॅन्सर तुझ्या पुडीनं झाला, असं मला वाटत नाही. पण ती दीड वर्ष आधी यवतमाळला गेली असती, तर आज तिच्या पोटाला पिशवी असती का, की तेव्हाच सगळं सोपं झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. तुझा काही दोष नाही, असं मी लिहिणार नाही. तू मला वाढवलंस, म्हणून तर मुळीच नाही.

शामला हे तूच सांगायचं. मी नाही, रुपाली नाही.

आणि एक चूक माझी. तुला ऐकायचं होतं ते मी पहिल्या पानावर लिहिलं आणि तुझ्या उपयोगाचं दुसऱ्या पानावर. उलट लिहायला हवं होतं.

परीक्षा चालू आहेत, मला तेरा तारखेच्या आत निघता येत नाही. तोवर थांबू नकोस.

तुझी
प्रेरणा


मारेगाव
११ एप्रिल २०२४

प्रिय प्रेरणा,
जयभीम.

गेल्या गुरुवारी तांड्यावर गेली. बिजली मांडवात बाजेवर पडून होती. तिले पायलं अन् मी आधी ओळखलंच नाही. गालाची हाडं वर आली. पोटावर लुगड्याच्या आत पिशवी, ती हातानं झाकून घेते. शाम तिले पेज पाजून राह्यला होता. त्यानं मले पायलं, चमचा वाटीत ठेवला.

म्या बसाच्या आधीच बोलून टाकलं. बसली असती तर बोलणं झालं नसतं.

"शाम, तुयी याडी मले सांगत होती. रक्त जाते म्हून. दीड वर्साआधी. ती तुयासंगं यवतमाळले याले तयार होती. म्या थांबवलं तिले."

तो उठून उभा राह्यला. मले वाटलं, आता हात उचलते. 

"हे तुमी आता सांगता?"

"व्हय."

"चक्कीवर कागद लावला तुमी. लोकं मले म्हणत, येडा झाला शाम, एवढ्या चांगल्या बाईवर आळ घेते. मीबी म्हणे, चुकलं आपलं. तुमची माफी मागाले येणार होतो मी, मावशी. एकडाव दारापर्यंत आलो होतो, तुमचं दार लागलेलं होतं."

बिजली बाजेवरून म्हणे, "शाम, बस खाली. तिनं एकडाव थांबवलं, बाकीच्या डावी मीच थांबली. मले भेव होता. हिनं नको म्हटलं का मले बरं वाटे."

म्या तिचा हात धरला. मले वाटलं, सुटली मी. मंग ती माया तोंडाकडं पाहून म्हणे, "पण बाई, तू एकडाव जरी चाल म्हटलं असतं, तर मी आली असती."

प्रेरणा, शामनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी निघाली. शाम मागून आला. म्हणे, "तुमीबी तेच घेता ना? तुमाले जाते काय रक्त?"

म्या मान खाली घातली.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

तो जोरात ओरडला, साऱ्या तांड्यानं ऐकलं असन. "म्हंजे अजून एक बाई तशीच मराची वाट पाहू काय आमी?" मंग आवाज खाली करून म्हणे, "उद्या सकाळी सातले तयार राहा. मी गाडी आणतो."

त्यानं कोणाची तरी मोटरसायकल आणली. यवतमाळ येईलोक गाडी कुठं थांबवली नाही. दवाखान्यात कागद भरताना बाईनं विचारलं, पेशंटचे कोण? त्यानं मायाकडं पायलं अन् म्हणे, "लिहा, भाचा."

सोमवारी दुर्बिणीची तारीख भेटली. आदल्या दिवशी पोट साफ कराचं औषध पाजलं, लोटाभर लोटाभर. तपासताना डॉक्टरनं मले टीव्हीवर दाखवलं. आतून सारं काळं, करपलेल्या भाकरीवानी. मी भेली. तो म्हणे, "आजी, हे जुलाबाच्या चूर्णाचं आहे, यानं काही होत नाही, बंद केलं की कमी होईन." पुढं गेल्यावर थांबला. बोराएवढी एक गाठ होती, देठावर. त्यानं तारेनं कापून काढली अन् तपासाले पाठवली.

म्या विचारलं, "ही गाठ पुडीनं झाली काय?"

"कशानं झाली ते मले सांगता येणार नाही. होती, अन् आता काढली, एवढं सांगतो."

शाम पडद्यापाशी उभा होता. त्यानंबी ऐकलं.

रिपोर्टले दोन आठवडे लागतात. चूर्ण बंद आहे. उरलेलं सारं परसात गाडून टाकलं.

तुयी
इंदूमावशी


अमरावती
२० एप्रिल २०२४

प्रिय मावशी,

सोमवारी तुझ्याकडून परतले आणि घरी येऊन हे अकरा तारखेचं पत्र हातात पडलं. दोन दिवस समोरासमोर बसूनही तू यातलं निम्मं बोलली नव्हतीस. कागदावर तुला जमतं, तोंडानं नाही.

रिपोर्टची वाट पाहताना पोट अडलं तर घाबरून पुन्हा कुटायला बसू नकोस. वीस वर्षांची सवय आहे, आतड्याला वेळ लागेल. इसबगोल, भरपूर पाणी, चालणं. आणि नाहीच जमलं तर डॉक्टरांना विचार, शेजारणीला नाही. शेजारणी आजवर तुला विचारत आल्या, हे ठाऊक आहे मला.

रिपोर्टमध्ये जे येईल ते पूर्ण लिही.

तुझी
प्रेरणा


मारेगाव
२ मे २०२४

प्रिय प्रेरणा,
सप्रेम जयभीम.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण तशीच आत राह्यली असती तर पुढं होऊ शकला असता, अशी गाठ होती. डॉक्टर म्हणे, वेळेवर आल्या. तीन वर्सानं पुन्हा दुर्बीण कराची. हे सारं रिपोर्टवर आहे तसंच लिहिलं, काही ठेवलं नाही.

"वेळेवर आल्या" म्हटलं तवा मी शामकडं पाहू शकली नाही.

बिजलीचा आजार कलेजात, म्हंजे लिव्हरमधी, गेला आहे. सलाईनमधून कॅन्सरची दवाई देतात, त्यानं थोडा थांबते म्हणतात, जात नाही. मी दोन दिवसाआड जाते. तिले मायं चांगलं निघाल्याचं सांगाले जीभ रेटत नव्हती. तिनंच विचारलं. म्या सांगतलं. तिनं पिशवीवरचं लुगडं सारखं केलं. मंग म्हणे, "बरं झालं." एक घोट पाणी पेली अन् म्हणे, "मले राग येते तुया, बाई. येऊ देशीन ना?" म्या म्हटलं, येऊ दे.

बैठकीत मी उभी राह्यली अन् बिजलीचं सारं सांगतलं, मायंबी. दोन बाया उठून गेल्या. एक म्हणे, एवढं झाल्यावर आता अक्कल आली. खरंच आहे. काल लालीबाई घरी आली. पुडी मागाले आली वाटलं. ती दारातच उभी राहून रडाले लागली. आठ महिने झाले तिले रक्त जाते, नवऱ्यालेबी सांगतलं नाही.

मंगळवारी बिजलीची तिसरी सलाईन आहे. शामले ट्रक घेऊन नागपूरले जा लागते. सकाळी तो येऊन ओट्यावर बसला, पाणी पेला, अन् म्हणे, "मावशी, याडीसंगं तुमी जाता काय?"

म्हून मंगळवारी सकाळच्या एसटीनं आमी यवतमाळले चाललो, बिजली, मी अन् लालीबाई. बिजलीले खिडकीपाशी बसवीन, तिले वारा लागते. लालीले मधात घेते. भेते ती लय, नाहीतर बसस्टँडवरूनच माघारी पळन.

तुयी
इंदूमावशी